तुळशीराम दसरा काढतो

तुळशीरामाने बत्तीस वर्षं रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर खलाशाची नोकरी केली. रोज सकाळी तो तिचा डेक असा धुवायचा की मालकाने त्यावर जेवायला बसावं. घरी मात्र स्वतः प्यायलेल्या पाण्याचा पेलासुद्धा त्याने कधी मोरीपर्यंत नेला नाही. पेला जागच्या जागी ठेवला की तो आपोआप घासला जाऊन फळीवर जाऊन बसतो, अशी त्याची समजूत होती. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी ती समजूत शाबूत होती.

एका गोधडीने घोटाळा केला. पितृपक्ष संपत आला तसा केसरने, म्हणजे त्याच्या बायकोने, दसरा काढायला घेतला. दसरा काढायचा म्हणजे घट बसायच्या आत घरातली झाडून सगळी चीजवस्तू बाहेर काढायची, धुवायची, घासायची, पुसायची आणि होती तिथे परत नेऊन ठेवायची. पावसाळ्यात खाडीकाठच्या घरांत चपलांनासुद्धा बुरशी येते, त्यामुळे या प्रथेला थोडाफार अर्थही आहे. केसरने पहिल्याच दिवशी मागच्या हौदातून भिजलेली गोधडी वर ओढली आणि तिच्या कमरेत अशी काही कळ आली की चौघांनी उचलून तिला रिक्षात घालावं लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी फोटो काढला, तीन आठवडे फळीवर झोपून राहायला सांगितलं, आणि परत वजन उचललंत तर ऑपरेशन, असं बजावून घरी पाठवलं.

घट बसायला सहा दिवस उरले होते. मुलगी प्रणाली पेणला सासरी, तिचे दिवस भरत आलेले. शेजारी मोठी जाऊ कृष्णाबाई होती, पण तिचा स्वतःचाच दसरा निघायचा होता.

"घट बसवाचा तर दसरा काढाया पायजे," केसर खाटेवरून म्हणाली. "तुमी काढा, न्हायतर मी उठतंय."

बाकीच्या बायका असं नुसतं बोलतात. केसर उठली असती. उठली असती, हौदावर गेली असती आणि मग जन्माची खाटेला खिळली असती, हे तुळशीरामाला पक्कं ठाऊक होतं. त्या विचाराने तो मनातून घाबरला, पण मिशीला घाबरणं शोभत नाही.

"त्यात काय हाय? बत्तीस वर्सां डेक धुतलाय मी," तो म्हणाला.

मग त्याने पहिलं काम केलं ते पुढचं दार लावून घ्यायचं. हातात झाडू घेतलेला तुळशीराम आळीने बघितला असता तर पुढची दहा वर्षं शिमग्याला तेवढाच विषय पुरला असता. दार बंद, खिडक्या बंद, बाहेर उकाडा, आत त्याहून जास्त. कृष्णाबाईला वाटलं, नवराबायकोचं जुंपलेलं दिसतंय.

जमीन त्याने डेकसारखीच धुवायला घेतली. पाच बादल्या पाणी सपासप ओतलं आणि खराट्याने पुढे लोटलं. लाँचवर पाणी डेकच्या कडेच्या भोकांतून आपलं आपण समुद्रात जातं. घराला मात्र उंबरठा असतो. पाणी उंबरठ्यापर्यंत गेलं, तिथून मागे फिरलं, स्वयंपाकघरात शिरलं आणि तांदळाच्या पिंपाखाली जाऊन थांबलं. मधोमध खाटेवर केसर आणि चारी बाजूंना पाणी.

"आता भोंगा वाजवा," ती म्हणाली, "नि मना भाऊच्या धक्क्याला उतरवा."

ते पाणी टिपण्यात त्याची दुपार गेली आणि दोन लुंग्या गेल्या. दुसऱ्या दिवशी जमीन लखलखीत बघून त्याला स्फुरण चढलं आणि त्याने छताची जळमटं काढली. जळमटं जमिनीवर पडली. त्याने पंखा झटकला. धूळ जमिनीवर आणि केसरच्या चहात पडली.

"आदी वरचां, मग खालचां," केसर चहा बाजूला ठेवत म्हणाली. "पानी पन तसांच वाहता."

इतकी साधी गोष्ट आपल्याला साठाव्या वर्षी खाटेवरच्या बाईने सांगावी, याचा त्याला राग आला. पण त्याने ऐकलं. आणि तिथून त्याचं डोकं चालायला लागलं, कारण तुळशीराम मुळात आळशी होता आणि तेच काम दोनदा करायची त्याला मनापासून चीड होती. पंख्याच्या पात्याला त्याने उशीचा अभ्रा चढवला आणि मागे ओढला. धूळ सगळी अभ्र्यात. खिडकीचे गज पुसायला दोन्ही हातांत जुने ओले पायमोजे घातले आणि एकेक गज मुठीत धरून वरून खाली उतरला. तेलकट डबे घासत बसण्यापेक्षा सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवले आणि स्वतः जाऊन झोपला. उठेपर्यंत चिकटा सुटलेला होता. तांब्याच्या हंड्याला दारातल्या झाडाची आंबट बिंबळं कापून चोळली आणि बिडी ओढून आला. बिडी संपेस्तोवर हंडा नुसत्या पाण्याने लाल झाला.

झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो असह्य झाला.

"तुमी बाया उगाच घासत बसताव," तो खाटेशेजारी बसून सांगायला लागला. "डोक्यानं करायचां काम हाय यो. भिजत घालायचां नि निजायचां. येवढी वर्सां तुना कलला न्हाय."

केसर छताकडे बघत राहिली. छत आता स्वच्छ झालेलं होतं, त्यामुळे बघण्यासारखंही होतं.

राहिल्या होत्या गोधड्या. अकरा. त्या दार लावून धुता येत नाहीत. हौद मागच्या अंगणात आणि अंगणाला कुंपण कृष्णाबाईच्या गुडघ्याएवढं. चौथ्या दिवशी, बायका जेवून आडव्या झाल्या असतील असं बघून, तुळशीराम चोरासारखा हौदावर गेला. गोधडी त्याने पाण्यात टाकली, पायांनी तुडवली, आणि उचलायला वाकला.

भिजलेली गोधडी आणि दारू पिऊन पडलेला माणूस सारखेच. जिथून धरावं तिथून घसरतात. पहिल्यांदा ती हातातून सुटली. दुसऱ्यांदा अर्धी वर आली आणि त्यालाच आत ओढायला लागली. तिसऱ्यांदा त्याच्याच कमरेत बारीकशी चमक आली, तसा तो सोडून देऊन हौदाच्या कठड्यावर धापा टाकत बसला. आता आपणही खाटेवर पडलो तर घरात दोन खाटा, घट कुठे बसवायचे, असं त्याच्या मनात आलं. लाँचवर मोटरसायकलीसुद्धा वर चढवल्या आपण, त्या काय हातांनी?

आणि त्याला कप्पी आठवली.

जुनी लाँच मोडीत निघाली तेव्हा त्याने तिच्यावरची कप्पी मागून घेतली होती. लाकडाची, लोखंडी चाकाची, चांगली नारळाएवढी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती मांडीवर घेऊन घरी आला आणि केसरच्या हातात देऊन म्हणाला होता, "आठवन हाय, जपून ठेव." त्यानंतर तो कधी माळ्यावर चढला नव्हता.

शिडी लावून वर गेला. कप्पी कोपऱ्यात, जुन्या लुंगीत बांधलेली होती. त्याने चाक बोटाने फिरवलं. ते गर्रकन फिरलं, जराही आवाज न करता.

"जुन्या कालचा माल!" तो एकटाच म्हणाला.

आंब्याच्या फांदीला कप्पी बांधली, दोर ओवला, गोधडीला गाठ मारली आणि ओढलं. गोधडी डुलत डुलत हौदातून वर आली आणि हवेत लटकून पाणी गाळायला लागली. पिळायचंसुद्धा काम नाही. दोर बुंध्याला गुंडाळून त्याने बिडी पेटवली.

"भावजी," कुंपणापलीकडून कृष्णाबाईचा आवाज आला, "गोधडीला फासावर देताव काय?"

तुळशीराम दचकला. पण ती हसत नव्हती. ती डोळे मोठे करून टपटप गळणाऱ्या गोधडीकडे बघत होती.

"वयनी, जरा दोर धरून बगा," तो म्हणाला.

कृष्णाबाईने एका हाताने ओढलं, गोधडी हातभर वर गेली, आणि सत्तरीची ती बाई पोरीसारखी खिदळली. मग तिने आळीतल्या चार बायकांना उठवून आणलं आणि आपल्या गोधड्याही आणल्या. तुळशीराम लाज विसरला. कुठली गाठ मारायची, दोर कुठे अडकवायचा, हे तो मोठ्या आवाजात शिकवायला लागला. ऊन कलेपर्यंत अकराच्या अकरा गोधड्या दोरीवर गेल्या. केसरलाही दिसावं म्हणून बायकांनी तिची खाट मागच्या दारात आणली. कृष्णाबाईने सगळ्यांना चहा केला.

"अठ्ठावीस वर्सां नुसती माल्यावर पडलीय," तुळशीराम पेल्यातला शेवटचा घोट घेत म्हणाला. "पन चाक बगा, कुरकुर न्हाय. जुन्या कालचा माल हाय."

"पडली न्हाय," केसर म्हणाली.

"काय?"

"दर दसऱ्याला खाली काढतंय तिला. पुसतंय, चाकाला खोबरेल सोडतंय, नि लुंगीन बांधून परत ठेवतंय. तुमी बोललाव ना, जपून ठेव."

बायकांनी वळून कप्पीकडे बघितलं. दोरीवरच्या शेवटच्या गोधडीचं पाणी अजून गळत होतं.

"मग कवां बोलली का न्हायस," तुळशीराम म्हणाला, "का ही लावून द्या म्हनून?"

"ती कशाला असते ता मना कोनी सांगितलाच न्हाय," केसर म्हणाली. "मना वाटला, तुमच्या लाँचीवरचा देव असंल."

तुळशीराम दोरीवरच्या गोधड्यांकडे बघत राहिला. दरवर्षी तिने आधी माळ्यावरून कप्पी उतरवून पुसली असणार, आणि मग हौदावर जाऊन या अकराही जणी हातांनी उपसल्या असणार. आणि तो पुढच्या ओटीवर बसून चहा मागत असणार. त्याला इतकी लाज वाटली की वर मान करून तिच्याकडे बघवेना. गेले तीन दिवस तो दार लावून बसला होता ते उगाचच, असं त्याला वाटलं. लपायला हवं होतं ते आता.

"ती आता खालीच रानार," तो शेवटी म्हणाला. "आंब्यावरच."

मग त्याने खाटेशेजारचा केसरचा रिकामा पेला उचलला, आपला उचलला, मोरीत जाऊन दोन्ही घासले आणि तिला दाखवायला घेऊन आला. केसरने पडल्या पडल्या पेला उजेडात धरला आणि आत डोकावून बघितलं.

"बुडाला साबन रायलाय," ती म्हणाली.

तो मुकाट्याने परत मोरीकडे गेला.