अंडी फिरवणारा टायमर

साठ अंड्यांतून सात पिल्लं निघाली, त्यातल्या दोघांचे पाय वाकडे. बाविसाव्या दिवशी आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, उरलेली अंडी एकेक करून फोडली. आत पिल्लं कवचाला चिकटून मेलेली. मी तिथेच उभी होते.

अंडी उबवायची ती पेटी मी स्वतः बनवली होती. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, मंचरला एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. महाळुंगे पडवळला आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात ती पेटी ठेवली होती. आत बल्बची ऊब, आणि दर चार तासांनी एक छोटी मोटर ट्रे कलता करायची. तास मोजायला मी हाताने सोल्डर केलेला टायमर होता. त्यावर चार लाल दिवे; एक तास झाला की पुढचा दिवा. अंडी फिरली नाहीत की पिल्लू मरतं. म्हणजे टायमर चुकला होता.

"खेळणं हाय ते," माझे थोरले दीर, भाऊजी, म्हणाले. "कोंबडी बसवली असती तर एवढं झालं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर पेटी जागेवर नाही. भाऊजी आळेफाट्याला निघाले होते, तर पेटी गाडीत टाकून ओळखीच्या वायरमनकडे घेऊन गेले. मला विचारलं नाही, फोनही नाही. संध्याकाळी पेटी परत आली ती झाकण उघडं, माझ्या वायरी पक्कडने तोडलेल्या.

"तो म्हनला, कुनी बनावलंय हे? बाईमानसाचं काम न्हाई."

मी तुटकी टोकं त्यांच्यासमोर धरली. "त्यानं काय तोडलं आणि काय जोडलं, ते तरी विचारलंत?"

"आता एवढं तापायचं काय कारन?"

मी जेवले नाही.

टायमर पुन्हा जोडला. तीन दिवस घरात टेबलावर चालवला, एका मिनिटाची चूक नाही. गोठ्यात नेला की बिघडला. दुपारी पाहावं तर तिसरा दिवा, चहा घेऊन यावं तर परत पहिला. चिप बदलली. ॲडॅप्टर बदलला. प्रत्येक सांधा पुन्हा तापवला. भाऊजी येता-जाता बघायचे आणि मान हलवून पुढे जायचे. ते मला जास्त लागायचं.

मग एका रविवारी मीटर घेऊन सकाळपासून पेटीसमोर बसले. चारच्या सुमाराला भाऊजींनी गुरांचा चारा कापायची कडबाकुट्टी चालू केली. कुट्टीची मोटर गुरगुरली आणि त्याच क्षणी तिसरा दिवा विझून पहिला लागला.

"भाऊजी, बंद करा! परत चालू करा!"

त्यांनी केलं. पुन्हा तसंच. पाचदा केलं, पाचही वेळा.

मी सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडले, "तुमची कुट्टी माझी पिल्लं मारतेय, आणि दोष मला!"

ते कुट्टी बंद करून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आगं, पन ज्याच्या-त्याच्या गोठ्यात कुट्टी हाय. विकतच्या पेट्या त्यांच्याकडं बी हायेत. त्या कशा चालत्यात?"

मी पेटी आत नेली आणि बोर्ड उलटा केला. मोजणी शून्यावर आणायचं बटण मी पेटीच्या पुढच्या बाजूला लावलं होतं. चिपपासून तिथपर्यंत दीड हात मोकळी वायर, आणि बटण दाबलेलं नसताना ती शून्य व्होल्टवर धरून ठेवायला जो रेझिस्टर हवा, तो मी हाताशी होता म्हणून शंभरपट मोठा टाकलेला. अशी वायर म्हणजे अँटेनाच. कुट्टीची मोटर चालू होताना जो झटका येतो, तो चिपला बटण दाबल्यासारखा वाटत होता. दरवर्षी मी हेच पोरांना फळ्यावर काढून दाखवते. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

लहान रेझिस्टर चिपच्या अगदी जवळ लावला, सोबत एक छोटा कपॅसिटर, बटण बोर्डजवळ आणून वायर बोटभर ठेवली. दहा मिनिटांचं काम.

गोठ्यात आले तर भाऊजी घामाघूम होऊन कुट्टीचे नटबोल्ट खोलत होते. पलीकडच्या शेडात हलवायची म्हणून.

"राहू द्या," मी म्हणाले. "चूक माझी होती. वायर लांब ठेवली होती."

ते पान्हा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "मंग मगाशी बोंबलत कशाला व्हतीस?"

"तुम्ही न विचारता पेटी नेली म्हणून. तो राग अजून तसाच आहे."

ते नट पुन्हा आवळायला लागले.

पुढच्या खेपेला साठातून एकावन्न निघाली. आत्यांनी पिल्लं पदरात घेऊन शेजारी दाखवली. भाऊजी आल्या-गेल्याला सांगतात, "लई भारी मशीन हाय, घरीच बनावलंय." कुणी बनवलं ते सांगत नाहीत. आणि दर वेळी मी मध्येच बोलते, "मी बनवलंय."