आतून कडी असलेली न्हाणी

मोठ्याबाईंना आंघोळ करताना कुणी कधी पाहिलं नाही, आणि तरीही आपण कुणाला दिसू या धास्तीतच त्यांचा जन्म गेला. त्या माझ्या थोरल्या जाऊ. मी लग्न होऊन चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, सासरी आले तेव्हा आम्हा बायकांची आंघोळ मागच्या विहिरीजवळ, बांबूच्या तट्ट्याआड व्हायची. तट्टा जेमतेम खांद्यापर्यंत, वर आभाळ आणि पलीकडे सागाची लाकडं उतरवणारे गाडीवान. मोठ्याबाई उजाडायच्या आत, नेसत्या लुगड्यानिशी चार तांबे अंगावर ओतून मोकळ्या होत. "देवाले गाभारा असते, वो. बाईले तट्टा," असं त्या हसत म्हणायच्या. मला मात्र हसू येत नसे.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, सागवानाचे ठेकेदार. शिकारीला आलेल्या साहेबलोकांची बडदास्त ठेवावी तर भाऊजींनीच. पन्नास सालच्या सुमारास त्यांनी सपाट छताचा, मोठाल्या काचेच्या खिडक्यांचा नव्या तऱ्हेचा बंगला बांधला. निजायच्या खोलीला लागून एक ओबडधोबड न्हाणी होती, तिथं तेवढे भाऊजी न्हायचे. आमच्यासाठी बंगल्यामागं पुन्हा तट्टाच उभा राहिला. पाच-सहा वर्षांनी ती न्हाणी फोडून नवी करायचं ठरलं, तेव्हा ते भरल्या पानावरून म्हणाले, "आता घरातल्या बायका बाहेर नाई न्हाणार." मोठ्याबाईंनी ते वाक्य मनात अगदी देव्हाऱ्यात ठेवावं तसं ठेवलं.

त्यांना एरवी कशाचीच हौस नव्हती. लुगडं कुठलं आणलं हेसुद्धा त्या बघत नसत. पण त्या न्हाणीनं त्यांना पार नादी लावलं. नागपूरहून मिस्त्री आला, पांढऱ्या टाइल्स आल्या, टब आला, डोक्यावर पाणी सोडणारा फवारा आला. त्यातलं त्यांना काही नको होतं. रोज मिस्त्रीपाशी जाऊन त्यांचं एकच पालुपद, "भाऊ, कडी आतून लावजा बरं. पितळेची, जाड. अन् खिडकी पार उंच घेजा." नव्या फरशीवर पाणी मारायचं काम मजुराकडून काढून त्यांनी स्वतःकडं घेतलं. कडी बसली त्या दिवशी ती पुन्हा पुन्हा लावून पाहिली आणि मला म्हणाल्या, "आता मी उभ्यानं न्हाईन. केसं मोकळे सोडून."

न्हाणीत पहिली आंघोळ केली ती एका साहेबानं. त्यानं तोंड भरून तारीफ केली आणि तिथंच घात झाला. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी दाराला बाहेरून कुलूप घातलं. "बायकाइच्या तेलानं, शिकेकाईनं टाइल्स खराब होतेत. तुमचा तट्टा काय पळून गेला?" किल्ली मोठ्याबाईंकडंच असे, कारण साफसफाई त्यांनाच करायची होती. आमच्या विहिरीचं पाणी खारं, त्याचे पांढरे डाग त्या रोज चिंचेनं घासून काढत आणि मग तट्ट्याआड जाऊन न्हात. मी रागानं धुमसत असे. त्या म्हणत, "घरातच तं हाये. कुठी पळते?"

एकदा भाऊजी सागाच्या तोडीसाठी एटापल्लीच्या जंगलाकडं गेले होते. मी हट्टानं बंब पेटवला, कढत पाणी आत नेऊन ठेवलं आणि मोठ्याबाईंना जवळजवळ ढकललंच. कडी लागली. मी बाहेर सुखानं बसले, तोवर कडी निघालीही. डोक्यावरचा पदर होता तसा, केस कोरडे. "दार लावलं तं जीव घाबरला माह्या. कोणी हाक मारून राह्यलं, असंच वाटे. आता नाई जमत, वो." मग त्यांनी चिंच मागून घेतली आणि बादलीचा फरशीवर उमटलेला डाग घासून काढला. त्या दिवशी मला जो संताप आला, तो अजून निवलेला नाही.

पुढच्याच हिवाळ्यात त्या तापानं गेल्या. मी म्हटलं, निदान आज तरी त्यांना न्हाणीत न्हाऊ घालू. भाऊजी ओट्यावरूनच म्हणाले, "मुडद्याची आंघोळ घरात? विटाळ नाई होणार?" म्हाताऱ्या बायकांनीही माना डोलावल्या. रीतच आहे ती, प्रेताची आंघोळ अंगणात. भरदिवसा, सगळी आळी जमलेली असताना त्यांना पाटावर ठेवलं आणि त्यांचे केस मोकळे केले. दोघींनी आडोशाला लुगडं ताणलं होतं, ते वाऱ्यानं सारखं उडत होतं. मी त्याचं टोक दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं.

मसणातून परतताना बाकीचे सगळे नदीवर बुडी मारून आले. भाऊजींना गार पाणी सोसत नाही, म्हणून ते तसेच आले आणि घरातून सरळ आत गेले. त्यांचा विटाळ कुणाला आठवला नाही. "बंब पेटवा," ते म्हणाले. मी उठले नाही. गड्यानं पेटवला, पाणी आत नेऊन ठेवलं. भाऊजी न्हाणीत शिरले आणि आतून ती जाड पितळी कडी लागल्याचा आवाज आला.