वायरी अकोल्यात, रेणू अमरावतीत

मी फिजिक्स शिकवते. लिंबू-मिरची मी फक्त लोणच्यात घालते, दाराला बांधत नाही. त्यामुळे हे वाचून हसणार असाल तर खुशाल हसा, आधी मीच हसून घेतलंय.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापसाचा भरवसा नव्हता आणि विजेचा तर नव्हताच. अमरावतीच्या घरी बसून मी पीएच.डी. करत होते. विषय लिडोकेन – दात काढताना हिरडीत टोचतात ते बधिर करायचं औषध. त्याचा रेणू कम्प्युटरवर उभा करायचा, त्यातले बंध कसे थरथरतात ते गणिताने काढायचं आणि प्रयोगशाळेतल्या वर्णपटाशी ताडून बघायचं. माझं गाडं एकाच जागी अडलं होतं... दर वेळी एक कंपन उणे यायचं. उणे म्हणजे रेणू तळाशी स्थिर बसलेला नाही, चढावर अडकलाय. गाइड म्हणाले, सोमवारपर्यंत हे गेलं नाही तर रेणू बदला. म्हणजे इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

रेणूची शेपटी थोडी वळवून मी नवी फाइल तयार केली, पण गणित सुरू केलं नाही. त्याला अख्खा दिवस लागायचा, लाइट मध्येच जायची आणि यूपीएस बंद पडलेला. शनिवारी तो यूपीएस, कम्प्युटरच्या सगळ्या वायरींसकट, पिशवीत घालून अकोल्याला भावाच्या रिपेअरिंगच्या दुकानात नेला. घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. भावाने उघडून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा भंगारात दे अन् जेवून जा." जेवले.

संध्याकाळी परतले, तर शेजारच्या शमीमभाभी ओट्यावर तोंड फुगवून बसलेल्या. त्यांच्या-आमच्या घरात भिंत एकच.

"मॅडम, इन्व्हर्टर घेतला तं सांगाचं तरी. पूर्ण मोहल्ल्यात लाइट नाही, अन् तुमचा कम्प्युटर दुपारभर घरघर करून राह्यला. मी माया मिरच्या वाटून घेतल्या असत्या ना."

"भाभी, वायरी तर या पिशवीत आहेत."

त्यांनी आधी पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग आत कोन आहे?"

दोघी मिळूनच आत गेलो. कुणी नव्हतं. लाइट आल्यावर वायरी जोडून कम्प्युटर लावला – गणित पूर्ण झालेलं! एकही कंपन उणे नाही. फाइलवर वेळ त्याच दुपारची; मी तेव्हा अकोल्यात भाकरी-पिठलं खात होते.

सोमवारी कॉलेजच्या मशीनवर तेच गणित पुन्हा केलं. आकडे जसेच्या तसे. गाइडनी विचारलं, कसं जमवलंत? मी म्हटलं, शेपटी वळवली. ते खरंच होतं.

कम्प्युटरचं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. भाऊ म्हणतो, असं होऊच शकत नाही. मीही तेच म्हणते. मग पुढच्या शनिवारी, केवळ प्रयोग म्हणून, मी वायरी काढून ठेवल्या, नवी फाइल तयार ठेवली, आणि लाइट गेल्यावर भाभींनी त्यांचा मिक्सर आणून कम्प्युटरशेजारी मांडला. दोघी चहा पीत बसलो.

काही हललं नाही. मिरच्या शेवटी पाट्यावरच वाटल्या. आज मी डॉक्टर आहे आणि कारण मला अजूनही ठाऊक नाही... तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा. भाभी अजून विचारून राहिल्यात.