मार्करचाचांची खिचडी

मार्करचाचा कुणाचा नमस्कार सहजासहजी घ्यायचे नाहीत. आधी समोरच्याचा हात हातात घ्यायचे, उलटा करून बोटांवरून आपला अंगठा फिरवायचे आणि मगच म्हणायचे, "हां, बस." नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा भविष्य सांगतो की काय. तसलं काही नव्हतं. स्नूकर खेळणाऱ्याच्या बोटांना काठीच्या टोकाला घासायचा खडू लागलेला असतो. "चाचा, मी पहिल्यांदाच आलोय, मला काही येत नाही" असं म्हणणाऱ्याच्या बोटांना खडू लागला, की त्या माणसाचं नाव चाचांच्या डोक्यात कायमचं खराब व्हायचं.

मी मूळचा चांदा जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली, काही वर्षं आरा मशीनवर काढली आणि मग गावच्या एका ओळखीच्याच्या मागोमाग वाळूजला आलो. ठेकेदाराकडं हेल्पर म्हणून लागलो. बजाजनगरातल्या खोलीत आम्ही सहा जण राहत होतो, पण एका वेळी नाही. पहिली शिफ्ट करून दुपारी परत आलो की माझ्या गादीवर रात्रपाळीवाला घोरत असायचा. तो संध्याकाळी उठेपर्यंत मला जायला जागा नव्हती. चौकात उभं राहिलं तर कुणीतरी हटकेल, हॉटेलात बसलं तर मालक उठवील, ही धास्ती. माझा स्वभावच तसा. आजही कंपनीच्या गेटवर पोचायच्या आधी मी खिशातलं ओळखपत्र पुन्हा पुन्हा चाचपतो.

असाच एका दुपारी हार्डवेअरच्या दुकानावरचा जिना चढलो. वर पाटलांचं स्नूकरचं पार्लर होतं. पाटील वाळूज गावातलेच. जमीन कंपन्यांसाठी गेली आणि शहरातल्या छावणीत एक जुना क्लब मोडीत निघाला, तेव्हा त्यांनी तिथलं भलंमोठं टेबल उचलून आणलं. टेबलासोबत त्याचा मार्कर आला. मार्कर म्हणजे टेबलाशेजारी बसून खेळाडूंचे मार्क मोजणारा आणि फाऊल झाला की नाही ते ठरवणारा. चाचा गमतीनं म्हणायचे, "पाटलांनी गाडीत टेबल चढवलं, मी खाली बसलो होतो, मलाबी चढवलं."

टेबल आलं, पण त्यावरचे बॉल धड नव्हते. स्नूकरचे लाल नऊच उरलेले, बाकीच्या रंगांचे तर बहुतेक गायबच. पाटलांनी मग दुकानातून पूलचे नंबरवाले बॉल आणले. ते आकारानं थोराड. इथल्या निम्म्या लोकांना स्नूकर ऐकून माहीत, निम्म्यांना पूल टीव्हीवर बघून. रोज हमरीतुमरी व्हायची. शेवटी चाचांनी दोन्ही खेळ एकाच पातेल्यात घातले. आधी एक लाल घालायचा, मग एक नंबरवाला. लाल गेला तो गेला, नंबरवाला मात्र परत टेबलावर. लाल संपले की नंबरवाले क्रमानं घालायचे, आणि काळा आठ नंबर मागं ठेवून सगळ्यात शेवटी. लालाचा एक मार्क, नंबरवाल्याचे नंबराइतके. सगळे त्याला खिचडी म्हणायचे, आणि बजाजनगराबाहेर हा खेळ कुणी खेळला असेल असं मला वाटत नाही.

पण खरी खिचडी होती ती नियमांची, आणि त्यातल्या प्रत्येक नियमामागं कुणीतरी पकडला गेलेला माणूस होता. मोठा बॉल अरुंद पॉकेटच्या तोंडाशी अडकायचा. एका फिटरनं खडू घेण्याच्या निमित्तानं टेबलाला पोट लावलं आणि बॉल आत पडला. चाचा ओरडले, "टेबल वर चढवायला आठ माणसं लागली, आणि हा पोटानं हलवतो!" दुसऱ्या दिवसापासून नियम झाला, अडकलेला बॉल समोरच्याचा. फाऊलनंतर पांढरा बॉल हातानं ठेवायचा असला, तर पंजा उघडा दाखवून ठेवायचा. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर. आणि आपले मार्क आपण बोलायचे नाहीत, ते समोरच्यानं मोठ्यानं बोलायचे. स्वतःचे मार्क वाढवणारे सापडतील, दुसऱ्याचे वाढवणारा कुणी सापडणार नाही, असा त्यांचा हिशेब.

"मी माणसावर शक करत नाय," चाचा म्हणायचे. "माणूस चांगलाच असतो. मी बाह्यांवर करतो."

माझ्यावर मात्र त्यांनी कधीच शक केला नाही, आणि म्हणूनच मला त्यांचा आला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीशेजारच्या बाकावर बसवलं. "चांदेवाले, इथं बसायचं. खेळायची जबरदस्ती नाय. फक्त तोंड चालू ठेव." तोंड कशाला चालू ठेवायचं? तर टेबलावर काय चाललंय ते हळू आवाजात सांगत राहायचं. सात नंबर कुठं थांबला, लाल किती उरले, कोण वाकलाय. मी मनात म्हणालो, काऊन बाप्पा? ह्यांना दिसत नाही का? शहरात फुकट कुणी बसू देत नाही, एवढं मला तोवर कळलं होतं. ठेकेदारानंही पहिल्या दिवशी चहाच पाजला होता. म्हातारा मला घोळात घेतोय, उद्या काहीतरी मागेल, अशी माझी खात्री होती. तरी मी रोज जायचो. पंख्याखाली बसायला मिळत होतं आणि कुणी उठवत नव्हतं.

एका दुपारी मी त्यांच्यापुढं चहाचा ग्लास धरला. त्यांनी हात पुढं केला तो ग्लासाच्या वीतभर बाजूला. हवेत बोटं मिटली. मग त्यांनी हात तसाच वर नेऊन टोपी नीट केल्यासारखं केलं.

त्या दिवसानंतर मला नियम वेगळे दिसायला लागले. हल्ली निघालेले सगळे नियम तोंडाचे होते. मारायच्या आधी नंबर सांगा, पॉकेट सांगा. जुने नियम खेळाडूंच्या हातांवर शक घ्यायचे. हे नवे नियम चाचांच्या डोळ्यांसाठी होते.

शेवटी मी विचारलंच. "सावल्या दिसतात," चाचा म्हणाले. "कुणाला बोलू नको. ही खुर्ची गेली तर फर्दापूरला जावयाच्या घरी जावं लागेल. जावई चांगला आहे. चांगल्या जावयाकडं राहणं लई अवघड."

"मग ऑपरेशन करून घ्या ना चाचा. मोतीबिंदूच असेल."

"नाय. असली भिंग काढून ठेवून घेतात आणि नकली बसवतात. बॉल बदलणारे मी जिंदगीभर बघितलेत. डॉक्टर काय वेगळे?"

मी बाकावर बसून सांगत राहिलो, ते निकाल देत राहिले. ते बहुतेक बरोबरच असायचे. पण आमची ती कुजबुज पाटलांच्या नजरेत आली. गिऱ्हाइकांनी आधीच त्यांचे कान भरले होते की म्हातारा ह्या चांद्याच्या पोराच्या तंत्रानं चालतो, त्याच्या कंपनीतल्या लोकांना जिंकवतो. पाटलांना चाचांवर संशय, चाचांना सगळ्या दुनियेवर, आणि मला आता ह्याचा धाक की माझ्यापायी त्यांची खुर्ची जाणार.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी पाटील स्वतः येऊन टेबलासमोर बसले. "चाचा, आज बाकावर कुणी बसायचं नाय," ते म्हणाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "तू खेळ. बघू तुझे निकाल कसे लागतात. आणि चाचा, साफ सांगतो. एक निकाल जरी ह्याच्याकडं झुकला, तर उद्यापासून खुर्ची रिकामी."

माझ्यासमोर एक सुपरवायझर होता. हात बसलेला, पण तोंडाचा फटकळ. मी कसाबसा खेळत होतो. मारण्यापेक्षा बोलण्यावर माझा जोर. नंबर इतक्या मोठ्यानं सांगत होतो की सुपरवायझर म्हणाला, "अरे, खाली हार्डवेअरवाल्याला सांगतोय का?" सगळे हसले. चाचा हसले नाहीत. ते मान तिरकी करून बसले होते.

खेळ लांबला. शेवटी काळा आणि त्याच्या शेजारी पंधरा नंबर, एवढेच उरले. मी टेबलावर आडवा होऊन पंधरा नंबर सांगितला, डावा कोपरा सांगितला आणि मारला. बॉल गेला. त्याच क्षणी सुपरवायझर ओरडला, "फाऊल! कोपर लागलं काळ्याला!"

"नाही लागलं," मी म्हणालो. लागलं नव्हतंच. पण माझा आवाज असा फाटला की माझा मलाच तो खोटा वाटला.

पाटलांनी चाचांकडं पाहिलं. "बोला मार्कर."

चाचांना फक्त एक शब्द बोलायचा होता. फाऊल म्हणाले असते तर पाटलांचा संशय तिथंच फिटला असता, कारण निकाल माझ्याविरुद्ध गेला असता. खुर्ची राहिली असती. माझं काय, एक डाव गेला असता. हे मला कळत होतं, म्हणजे त्यांना तर कळतच होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा चाचा, फाऊल म्हणा.

चाचा म्हणाले, "मला दिसलं नाय."

"म्हणजे? तिकडं बघत होता ना?"

"बघत होतो. डोळ्यांना दिसत नाय, पाटील. लई दिवस झाले."

पाटील म्हणाले, "मग एवढे दिवस निकाल कशावर दिले?"

"हा चांदेवाला सांगायचा. आणि कानावर. मोठा बॉल वेगळा वाजतो, लाल वेगळा वाजतो. कोपर वाजत नाय."

सुपरवायझरनं काठी टेबलावर ठेवली. "जाऊ द्या," तो पुटपुटला, "नसंल बी लागलं." पण काळा बॉल कुणीच मारला नाही. पाटील मांडीवर हात चोळू लागले. "चाचा, मला वाटलं तुम्ही ह्याची बाजू घेता," ते म्हणाले. बिनडोळ्यांचा मार्कर ठेवून पार्लर चालणार नाही, हे त्यांनी न बोलताही सगळ्यांना समजलं. चाचांनीच उठून खुर्ची भिंतीला लावली.

त्यांना एसटीत बसवायला मी गेलो. बसचा बोर्ड मी वाचून दाखवला. तरी त्यांनी कंडक्टरला विचारलं, शेजारच्या बाईंना विचारलं, पुढच्या पोराला विचारलं, "ही फर्दापूरला जाते का?" माझा चेहरा पडला असणार, किंवा मी उसासा टाकला असेन. ते म्हणाले, "तुझ्यावर शक नाय रे. बोर्डावर आहे." बस हलली तेव्हा ते खिडकीतून भलत्याच माणसाकडं बघून हात हलवत होते. तो बिचाराही हलवत होता.

त्यांच्यामागं खिचडी फार दिवस टिकली नाही. सांगणारे होते, ऐकणारा नव्हता. प्रत्येक डाव भांडणात मोडायचा. पाटलांनी मोठं टेबल विकलं आणि त्या जागी छोटी टेबलं मांडली. त्यांना मार्कर लागत नाही. मला नंतर कंपनीत पक्कं घेतलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं की मशीन बंद पडलं तर काय करशील, आणि मी न घाबरता मोठ्यानं उत्तर दिलं. इतकं मोठ्यानं बोलायला मी कुठल्या टेबलापाशी शिकलो, ते त्या साहेबांना काय माहीत.

बऱ्याच काळानं एका दुपारी हार्डवेअरच्या जिन्याखाली मार्करचाचा उभे दिसले. अंगावर धुवट पांढरा शर्ट, डोळ्यांवर हिरवा चष्मा. फर्दापूरला जावयानं त्यांना फसवून डोळ्यांच्या शिबिरात नेलं होतं, चष्म्याचा नंबर काढायचाय म्हणून. तिथं ऑपरेशन झालं, हे मला मागाहून समजलं. मी धावत जाऊन पाया पडलो.

चाचांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघत राहिले. डोळे साफ होते. पण चेहऱ्यावर ओळख दिसेना.

"कोण तुम्ही?"

"चाचा, मी. चांदेवाला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्यांच्या कपाळावर ती जुनी संशयाची आठी आली. तेव्हा मला समजलं की ह्या माणसानं माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

"चांदेवाला तर लई थोराड होता," ते म्हणाले. "काहीतरी बोल बघू."

मी म्हणालो, "चाचा, जेवलात का?"

त्यांनी ते नवे, चांगले डोळे मिटून घेतले आणि मान तिरकी केली.

"हां," ते म्हणाले. "तूच."