थेंब वेळेवर पडला पाहिजे

तुम्ही कधी सलाईनचा थेंब पडताना नीट बघितलाय का? आधी तो हळूच फुगतो, मग जरासा लोंबतो, काहीतरी आठवल्यासारखा थांबतो आणि मग सुटतो. परळच्या आमच्या गाळ्यात मी दिवसभर हेच बघत बसते. किस्सेही असेच साठतात बघा. एकेक घडताना काही वाटत नाही, आणि एक दिवस बघावं तर भांडं भरलेलं!

गाळा म्हणजे एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली लांबट खोली. माणसं चार. सावंतसाहेब मालक, अभ्यंकरसर जुने इंजिनीअर, केतकी नवी इंजिनीअर आणि मी नंदा, बारावी पास, सोल्डरिंग आणि टेस्टिंगवाली. आम्ही सलाईनचा पंप बनवतो. म्हणजे नळी दाबून, ठरलेल्या वेळी ठरलेला थेंब सोडणारी एक डबी. शीवच्या एका लहानशा नर्सिंग होमच्या मालतीसिस्टरना तो पसंत पडला तर गाळा चालू राहणार, नाही तर साहेब सगळं विकून गावाला जाणार. हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. 

* * *

पंपाच्या डोक्यात कुठला प्रोग्राम घालायचा, यावरून पहिल्या दिवसापासून वाद.

सरांना साधा लूप हवा. "मोटर बघ, बटण बघ, दिवा बघ, परत मोटर बघ. देवळातली प्रदक्षिणा! याहून सोपं काय असतं?"

"आणि प्रदक्षिणेत कोणी मध्येच बसकण मारली तर, सर?" केतकी म्हणाली. तिला रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. तिच्यात म्हणे प्रत्येक कामाला वेगळा गडी असतो, आणि वर एक मुकादम. कोणी कधी उठायचं, कोणी कोणाला वाट द्यायची, हे तो ठरवतो.

मी विचारलं, "म्हणजे पंप फास्ट चालणार?"

"नाही ताई. फास्ट नाही, वेळेवर."

त्या दिवशी लालबागला घरी चालत जाताना मी तो शब्द मनात घोळवत होते. वेळेवर. फुलवाल्या बाईच्या हातातली सुई, सिग्नलचा दिवा, आमच्या खालच्या मजल्यावरचा तबला, सगळं मला त्या एका शब्दात बसलेलं दिसायला लागलं.

* * *

सरांचा पंप आधी तयार झाला. सलाईन संपत आली की वाजणारी धून त्यांनी स्वतः बसवलेली, चांगली लांबलचक आणि गोड. पहिल्यांदा वाजली तेव्हा आम्ही सगळे डोळे मिटून ऐकत राहिलो.

डोळे उघडून बघते तर थेंब बंद! प्रदक्षिणा धुनेपाशी थांबलेली. ती संपेपर्यंत मोटरकडे फिरकायला कोणी मोकळंच नाही.

केतकी हळूच म्हणाली, "सर, पंप गाणं ऐकतोय!"

* * *

या टोमण्याची परतफेड करायला सरांना फार वाट बघावी लागली नाही.

या पंपांत एक पहारेकरी असतो. "मी जागा आहे" असं त्याला सारखं कळवत राहायचं. कळवलं नाही, तर तो सगळं बंद करून नव्याने सुरू करतो. केतकीने कळवायचं काम एका वेगळ्या गड्याला दिलं. छान व्यवस्था!

एका दुपारी ऊन टेबलावर आलेलं, पंख्याची सावली फिरत होती, हिरवा दिवा लुकलुकत होता. इतकं छान वाटत होतं की थेंब थांबलाय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मोटरवाला गडी केव्हाच अडकला होता, आणि निरोप्या पहारेकऱ्याला सांगत होता, सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे.

सर वाकून दिव्याकडे बघत म्हणाले, "काम करणारा झोपलेला आणि हजेरी लावणारा जागा. अगदी माझं जुनं ऑफिस!"

* * *

मध्येच साहेबांचे मेव्हणे आले. त्यांचं म्हणणं, "हे काय लूप न् मुकादम! सरळ कॉम्प्युटरवालं लिनक्स टाका. फुकट आहे आणि मोठा रंगीत स्क्रीन चालतो." एक नमुना ते घेऊनच आले होते. नेमक्या मालतीसिस्टर बघायला आलेल्या. सिस्टर मूळच्या मालवणच्या, बोलणं थेट.

बटण दाबलं. स्क्रीनवर कमळ उमललं. मग अक्षरं धावली. मग पुन्हा कमळ. मेव्हणे म्हणाले, "सुरू होतंय."

सिस्टर पर्स उचलत म्हणाल्या, "तवसर पेशंट उठान घराक जायत!"

* * *

केतकी एकदा आम्हाला समजावत होती, की महत्त्वाचं काम कधी कधी फालतू कामामुळे अडतं. कोणाला काही कळेना.

आमच्या मजल्यावर संडास एकच, आणि आमच्या गाळ्याकडे त्याची चावी एकच. थोड्या वेळाने ती घेऊन मी गेले. परत येताना शेजारच्या गाळ्यातल्या पापडवाल्या वहिनींनी थांबवलं. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येऊन गेलेले, मग काय विचारता! इकडे साहेब दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर.

केतकी टाळी वाजवून ओरडली, "सर, हेच! साहेब सगळ्यांत मोठे, पण चावी ताईंकडे, आणि ताईंना अडवलंय वहिनींनी!"

"मग यावर उपाय काय?" सरांनी विचारलं.

"जिच्या हातात चावी, तिला तेवढ्यापुरतं साहेब समजायचं. मध्ये कोणी अडवायचं नाही."

साहेब कळवळून म्हणाले, "अगो, समजलो तुला साहेब! चावी दे!"

* * *

शेवटी दोन्ही पंप सुधारले. सरांचा धून वाजतानाही थेंब सोडायला लागला, केतकीच्या पंपातला मोटरवाला स्वतः हजेरी द्यायला लागला. सिस्टर म्हणाल्या, दोन्ही शेजारी शेजारी लावा, मीच बघते.

चाचणीच्या दिवशी साहेबांनी दोन्ही पंप गणपतीच्या फोटोपुढे नेले, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि परत टेबलावर मांडले. सिस्टरनी स्वतःच्या हाताने वेळ लावली, खाली थेंब झेलणाऱ्या काचेच्या दोन्ही भांड्यांवर रेघ ओढली.

"उद्या सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही. पाणी बरोबर रेघेवर असलेला पंप मी नेणार. दोन्ही चुकले तर सावंतानू, नमस्कार!"

त्या गेल्यावर साहेबांनी सहज विचारलं, "डावीकडचा कुणाचा?"

 दोन्ही डब्या माझ्याच हातच्या, हुबेहूब. नाव घालायचं कोणाला सुचलंच नव्हतं. टेबलाची सरांची बाजू ठरलेली, केतकीची ठरलेली, त्यावरूनच आम्ही ओळखायचो. पूजेला नेऊन आणल्यावर ती ओळखच गेली.

सर चष्मा पुसून डावीकडच्या भांड्याशी वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "हा माझा. किती शांत सोडतोय बघ."

केतकी म्हणाली, "सर, मी तर त्याला माझा समजून बघत होते."

मग दोघं स्टूल ओढून तिथेच बसली. खिडकीतून संध्याकाळचा पिवळा उजेड पाण्यात उतरला होता. एक थेंब इकडे, एक थेंब तिकडे. साहेब कुलूप हातात घेऊन उभे होते, पण चला म्हणवेना.

"दुसरासुद्धा वाईट नाही गं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालतीसिस्टर आल्या, दोन्ही भांडी उजेडाकडे धरून बघितली, आणि बरोबर रेघेवर आलेला उजवीकडचा पंप पिशवीत घालून शीवला घेऊन गेल्या.