हिरव्या रंगाखालचं लाकूड

तुमचा संघ एकतीस वर्षांनी अंतिम सामन्यात पोचला आणि तो सामना घरच्या मैदानावर व्हायचा की परक्या, हे तुमच्या एका शब्दावर ठरणार असेल, तर तुम्ही तोंड उघडाल? लगेच छाती पुढे काढून उत्तर देऊ नका. छाती पुढे काढणारे सगळे त्या दिवशी सभेत बसलेच होते. बोलली एकटी नेलिदा.

रोसारिओ शहराच्या दक्षिणेला, रेल्वेच्या बंद कारखान्याला चिकटून एल युंके या फुटबॉल क्लबचं मैदान आहे. तिथलं गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, फाटलेल्या जाळ्या शिवणं ही कामं नेलिदा सव्वीस वर्षं करते आहे. त्याआधी तिचा नवरा ओविदिओ करायचा. तो गेला तेव्हा त्याची राख डावीकडच्या कॉर्नरच्या झेंड्याखाली पुरली. तिथं बऱ्याच जणांची राख आहे. आमच्याकडे माणूस गेला की घरचे आधी क्लबला विचारतात, मग पाद्र्याला.

ओविदिओनं जाताना बायकोकडून एक शब्द घेतला होता. मागचा अंतिम सामना दुसऱ्याच्या मैदानात झाला, तो सल त्याला शेवटपर्यंत होता. तो म्हणाला, "इथं होईल ना, त्या दिवशी कॉर्नरची रेघ जरा जाड मार. मला कळेल." तेव्हापासून नेलिदा दर शनिवारी त्या कोपऱ्यात बारीक रेघ मारत होती आणि जाड रेघेची वाट बघत होती.

यंदा आम्ही गुणतक्त्यात वर होतो, म्हणजे नियमानं सामना आमच्याकडे. अट एकच: प्रेक्षकांचा लाकडी स्टँड तपासणीत पास व्हायला हवा. नाहीतर शहरातलं मोठं स्टेडियम. तपासनीस मंगळवारी आला, दोनदा चढला-उतरला, खांबांवर बोटानं टकटक केली, एवढा चकाचक रंग बघून खूश झाला आणि सही करून गेला.

रंग चकाचक असणारच. दर मार्चमध्ये क्लबच्या वाढदिवसाला सगळी वस्ती ब्रश घेऊन येते आणि स्टँडला हिरवा-पांढरा रंग देते. जुना रंग मात्र खरवडायचा नाही. फार पूर्वी एकदा खरवडला आणि त्याच वर्षी संघ खालच्या गटात घसरला. तेव्हापासून खरवडणी मैदानात आणणाऱ्याकडे लोक चोराकडे बघावं तसं बघतात. थरावर थर, चाळीसच्या वर झाले असतील.

गुरुवारी नेलिदा सुरी घेऊन स्टँडखाली गेली. तिसऱ्या पायरीवर ओविदिओची जागा होती. तिथल्या खांबावर, कुणाला दिसणार नाही असं, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं होतं. सुरी लावली आणि मुठीपर्यंत आत गेली. ओल्या पावात जावी तशी. तिनं स्क्रू-ड्रायव्हर आणून शेजारचे चार खांब बघितले. तीन तसेच. वरचा रंगच काय तो घट्ट होता.

दोन दिवस ती कुणाला काही बोलली नाही. कोपऱ्यात बसून माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, नळीनं ओढत राहिली. चुन्याची पिशवी शेजारीच होती. जाड रेघ मारायला फक्त गप्प बसायचं होतं.

रविवारी क्लबच्या अंगणात सभा भरली. एकीकडे मांस भाजत होतं, दुसरीकडे गाणी सुरू झाली होती. अध्यक्ष बेर्तोलोत्ती, ज्याला अख्खी वस्ती तोंडावर गोर्दो म्हणजे जाड्या म्हणते, तो रंगात आला होता. "दोन्या नेली," बाईसाहेब म्हणावं तसं तो म्हणाला, "यावेळी रेघा सरळ मारा बरं का. मागच्या वेळी पंचाला वाटलं, नदी काढलीये."

सगळे हसले. नेलिदानं स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"रेघा सरळच आहेत, गोर्दो. स्टँड कुजलाय. चल, स्वतःच्या हातानं बघ."

त्यानं बघितलं. खांबात स्क्रू-ड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. मग हळूच म्हणाला, "तपासनीसाला दिसलं नाही. आपल्यालाही दिसलं नाही. नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे, नेली."

"नव्वद मिनिटं तू गप्प बसणारेस? गोल झाला की आठशे माणसं एकदम उड्या मारतात. तुझी पोटुशी सूनही मारते."

"ओविदिओ असता तर नसता बोलला."

हे ऐकून त्यांच्या मागोमाग आलेले चारजण खाली बघायला लागले. नेलिदानं नजर हलवली नाही. "ओविदिओ तिथंच आहे, पंधरा पावलांवर. त्याला माणसं नाचताना बघायचीत. लाकडाखाली सापडलेली नाहीत."

बेर्तोलोत्तीनं स्वतःच लीगच्या कचेरीत फोन करून सांगितलं, एवढं श्रेय त्याच्या पदरात टाकायला हवं. स्टँड बंद ठेवून खेळतो, दोरी बांधून लोक उभे करतो, असंही विनवलं. वरच्यांनी ऐकलं नाही. बसायला जागा नाही तर सामना नाही. लोकांना मोठं स्टेडियम हवंय, हे त्यांनी आम्हालाच ऐकवलं. कुठल्या लोकांना, ते विचारायला मी गेलो होतो. फाटकावरूनच परत पाठवलं.

सामन्याच्या दिवशी बसगाड्या निघताना कप्तान इबार्रा तंबाखूचा रिकामा डबा घेऊन कोपऱ्यात आला. मूठभर माती द्या, म्हणाला, ओविदिओला तिकडे नेतो. नेलिदानं त्याच्या गालावर हात ठेवला आणि नाही म्हणाली. "त्याला इथं बघायचं होतं, पोरा. तू जा. नीट खेळ."

मग तिनं रिकाम्या मैदानावर सगळ्या रेघा मारल्या. कोपऱ्यातली नेहमीएवढीच बारीक. रेडिओ झेंड्यापाशी ठेवून ती शेजारी बसली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आम्ही गोल खाल्ला. शिट्टी झाल्यावर तिनं रेडिओ बंद केला, पण उठली नाही. बसगाड्या परत आल्या तेव्हाही ती तिथंच होती आणि तिच्याशी कुणी बोललं नाही.

घरी खेळलो असतो तर जिंकलो असतो, असं अजूनही वस्तीत म्हणतात. पाववाला तिला पाव देताना वर बघत नाही. स्टँड अजून उभा आहे, तेही तिला बोट दाखवून सांगतात. माझ्यासमोर सांगा एकदा, मग बघू.

मार्चमध्ये लोक ब्रश घेऊन आले तेव्हा नेलिदा शिडीवर होती, हातात खरवडणी. कुणी तिला खाली ओढलं नाही, कुणी मदतही केली नाही. ती दर शनिवारी खरवडते. खांब उघडा पडला की कुजलेला तेवढा बदलायचा, असं चाललंय. एका जुन्या थरात तिला ब्रशचा जाड केस अडकलेला सापडला. ओविदिओ घोड्याच्या केसांचा ब्रश वापरायचा. रंगाचा तेवढा तुकडा तिनं एप्रनच्या खिशात ठेवलाय. अजून सव्वीस खांब बाकी आहेत आणि ती एकोणसत्तर वर्षांची आहे.

पुढचा अंतिम सामना इथं व्हावा, कोपऱ्यात एकदा जाड रेघ मारता यावी, एवढंच तिला हवंय. शनिवारी सकाळी फाटक उघडं असतं. तुम्ही या. खरवडणी आणा. रंगाचा डबा मात्र घरीच ठेवा.