कारखान्यातली हत्तीण

जोहे गावच्या गणपती कारखान्यातला म्हातारा मूर्तींचे डोळे आखतो. पेणला जाताना मी नेहमी तिथे टेकतो. तो चप्पल उंबऱ्याबाहेर काढतो आणि जणू मूर्ती झोपल्यात असं हळू बोलतो. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, “हत्तीचं डोकं जरा मोठं करा.” म्हाताऱ्याने ब्रश खाली ठेवला.

“हत्ती सर्कशीत बघा. हितं देव हाय,” म्हणत त्याने गिऱ्हाइकाला बाहेर काढलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याची अंगाने जाड सून चहा घेऊन आली.

“आली हत्तीण. सरक गो, मूर्ती पाडशील,” म्हातारा म्हणाला.

कामगार हसले. मी संतापून चहा तसाच ठेवला. सून कोपऱ्यात बसून पॉलिश पेपरने एका मूर्तीची सोंड घासू लागली. उद्या त्याच सोंडेपुढे हा म्हातारा हात जोडणार, आणि चहा आला की पुन्हा हत्तीण म्हणणार.